पळसाखालचा खड्डा

परवा सकाळी सुभद्राने लहान गाडग्यात दही विरजलं आणि तोंडाला फडकं बांधून चुलीमागे ठेवलं. इतकी वर्षं एका घरात काढल्यावर माझ्या बायकोच्या मनातलं मला गाडग्यावरूनही कळतं. वावरात बोंडं फुटली आहेत, वेचणी लागायची आहे, सीतादही करायची आहे. आमच्या जळगाव जामोदच्या भागात पहिला कापूस वेचायच्या आधी पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, बुडाशी सात खडे मांडतात, त्यांना कुंकू लावतात, दहीभात वाहतात, आणि मग बाया कमरेला ओटी बांधून पराटीच्या ओळीत, तासात, शिरतात. हसतखेळत होणारी गोष्ट आहे. पण त्या दह्याचा आंबूस वास नाकात गेला की माझ्या बेंबीच्या दोन्ही बाजूंना बारीक टोचायला लागतं. तिथं एका वर्षात अठ्ठेचाळीस सुया गेल्या आहेत. कातडीवर आता काही दिसत नाही.

मी चौथी शिकलो. पत्र लिहितो, पोथी वाचतो, सहीला कधी कोणाचा अंगठा उसना घेतला नाही. असलं काही लिहीन असं वाटलं नव्हतं. पण दोन महिन्यांमागे आमच्या गल्लीतल्या एका माणसाला तीच कावीळ निघाली, जी मला निघाली होती. त्याला डॉक्टरने नुसत्या गोळ्या दिल्या. तीन महिने रोज एक. तो गोळी खातो, बैल जुंपतो, बायकोशी बोलतो. मी त्याला ओट्यावर बसवून विचारलं, "डोक्यात काही होते का रे?" तो म्हणे, "डोक्यात काय व्हाचं, काका? लिव्हरची गोळी हाय." मला बरं वाटलं, आणि खोटं काऊन बोलू, थोडा रागही आला.

मला कावीळ निघाली तेव्हा बीटी, अळी न लागणाऱ्या पराटीचं बियाणं, नुकतंच आलं होतं. त्याआधी आम्ही पराटीला किती फवारे मारायचो ते मोजत नसू. अंगाला वास यायचा, भाकरीला वास यायचा. मग बीटीच्या थैल्या आल्या, आणि पहिल्या वर्षी अळीच दिसली नाही. लोक फवारणीचे हातपंप खुंटीला टांगून मोकळे झाले. त्या थैलीसोबत एक लहान पुडी यायची, साध्या सरकीची. दुकानदार सांगायचा, ही बांधाबांधाने चारी बाजूंनी लावा, अळीला खायला काहीतरी राहू द्या, नाहीतर ती बीटीच खायला शिकेल. सगळं गाव हसलं. अळीचं जेवण कोण पेरतं? पुड्या उकिरड्यावर गेल्या. मी मात्र लावली. थैलीवर छापलं आहे तर त्याला अर्थ असेल, आणि गाव करत नाही ते करायची मला पहिल्यापासून खोड. माझ्या वावराच्या कडेने चार तासं साधी पराटी होती. मधलं वावर हिरवंगार, आणि कडेच्या चार तासांवर बोंडाबोंडाला भोक.

त्या चार तासांची आठवण मला नंतर फार झाली. माझ्या अंगात जे औषध चाललं होतं, त्याने मधलं वावर राखलं आणि धुऱ्याकडची, बांधालगतची तासं किडीला सोडली. ती तासं म्हणजे माझं मन. पण हे आज म्हणतो. तेव्हा मला मन आहे हेच मी मानत नव्हतो.

त्या वर्षी पेरणीच्या आधी पाय सुजले, डोळे पिवळे झाले. गावातला झाडपाला झाला, पथ्य झालं. शेवटी शेगावला बस आणि तिथून रेल्वे करून अकोल्याला गेलो. डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, दारू पिता का? मी उठूनच चाललो होतो. सुभद्राने सदरा धरून बसवलं. बापजन्मी थेंब घेतला नाही आणि गावात मात्र लिव्हरचं नाव निघालं तसे लोक गालात हसायला लागले. डॉक्टर म्हणाले, हा काविळीचा जंतू आहे, रक्तातून येतो. कधी ऑपरेशन झालं होतं? झालं होतं, तरुणपणी, आतड्याचं, दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. त्यातून आला असेल किंवा एखाद्या सुईतून. कोणाचं नाव घेऊ? आठवड्याला एक इंजेक्शन, रोज सकाळ-संध्याकाळ गोळ्या, असं अठ्ठेचाळीस आठवडे. खर्च कसा उभा केला ते माझं मी पाहिलं.

इंजेक्शन थंडाव्यात ठेवायचं होतं. आमच्या घरी फ्रिज नव्हता. गावात मोजके होते, त्यातला एक कासमकडे. कासम पिंजारी, गाद्या-रजया भरणारा, माझ्यासोबत चौथीपर्यंत एका तरटावर बसलेला. उन्हाळ्यात पोरं त्याच्याकडून बर्फाच्या पेप्स्या न्यायची. त्याच्या बायकोने, भाभीने, वरचा कप्पा धुऊन मला दाखवला. "इथं गोश्त ठेवनार नाही, भाऊजी. हा कप्पा तुमचा." दर गुरुवारी मी कासमकडे जायचो, डबी रुमालात गुंडाळून घरी आणायचो, आणि सुभद्रा माझ्या पोटाला सुई टोचायची. तिला एक अक्षर वाचता येत नाही. दवाखान्यातल्या नर्सबाईने तिला मोसंबीवर शिकवलं होतं. पहिल्यांदा टोचताना तिचे डोळे मिटलेले होते. मी म्हटलं, "उघड डोये. पोट माहं हाय, मोसंबी नाही."

सुई घेतली की दिवेलागणीला हुडहुडी भरायची, दोन गोधड्यांतून दात वाजायचे. ताप मला कळत होता, त्याचं मला भय नव्हतं. केस झडले, तोंडाला चव राहिली नाही, तेही सोसलं. राग आला तो मात्र कुठून आला कळलं नाही. भाजीत मीठ कमी म्हणून मी भरलं ताट अंगणात फेकलं. माझा उजवा बैल, राजा, त्याला मी कधी तुतारीची आरही टोचली नव्हती. एक दिवस पराटीत कोळपणी करताना तो डवऱ्याला अडला आणि मी कासरा दुहेरी करून त्याला इतकं मारलं की शेजारच्या वावरातला माणूस धावत आला. राजा हलला नाही. मान वळवून माझ्याकडे पाहत राहिला. मी मारत होतो आणि माझा हात माझ्या ओळखीचा नव्हता.

मग राग ओसरला आणि जे आलं त्याला मी अजून नाव दिलेलं नाही. ते दुपारी यायचं. जेवणं झालेली, बाया वावरात, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही, पत्र्यावर ऊन वाजतंय, आणि मी बाजेवर पडलेलो. छातीवर कोणी पाट ठेवून बसल्यासारखं. रडू यायचं नाही. काही म्हणजे काही वाटायचं नाही. कोठ्यात, बैलांच्या दावणीच्या वर, भिंतीत एक कोनाडा होता. त्यात फवारणीच्या औषधाचा एक डबा उरलेला होता, बीटीच्या आधीच्या सालचा. अळीच नाही तर तो लागणार कशाला? पण चांगली वस्तू टाकून द्यायची आमच्या हाडात नाही, म्हणून पडून होता. त्याच्यावर कोळ्याने जाळं केलं होतं. इतके महिने मी त्याच्याकडे पाहिलंही नसेल. त्या दुपारी मला तो बाजेवरून दिसायला लागला. मध्ये भिंत होती तरी दिसायचा.

लोकांना वाटतं माणूस दुःखाने तिकडे जातो. माझं तसं नव्हतं. तंबाखूसाठी हात खिशात जातो, त्याला काही ठरवावं लागतं का? तसं माझं मन त्या कोनाड्यात जाऊन यायचं. एकदा मी खरंच उठलो होतो. कोठ्याच्या दारात उभा होतो आणि इथं कशाला आलो ते मला आठवत नव्हतं. राजाने फुरफुर केलं. मी घामाने भिजलेला परत आलो आणि सुभद्रा येईपर्यंत बाजेची पाटी दोन्ही हातांनी धरून बसलो.

त्या वर्षांत आमच्याकडे गावोगाव काय चाललं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. जीप यायच्या, साहेब यायचे, पुढारी यायचे, विधवेसोबत फोटो निघायचे. माझी भीती दुहेरी होती. एक तर ते होईल. आणि झालं तर लोक माझं नाव घेऊन काय म्हणतील? श्रीपत कर्जापायी गेला. मी कोणाचं काही देणं ठेवलेलं नाही, आणि माझ्या दारात जीप उभी राहील, माझ्या नावावर ती गोष्ट लिहिली जाईल, आणि खोडायला मी नसेन. आज हे वाचताना हसू येईल कोणाला. पण मला सांगायचं आहे की कित्येक दुपारी या गर्वानेच मला बाजेवर धरून ठेवलं.

डॉक्टर दर महिन्याला विचारायचे. झोप उडते का, बाबा? मन उदास राहतं का? जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का? सुभद्रा बाजूच्या खुर्चीवर जमिनीकडे पाहत बसलेली. मी तीन महिने तिन्ही प्रश्नांना नाही म्हटलं. आमच्या जिल्ह्यात डोक्याचं काही झालं म्हटलं की माणसाला सैलानीच्या दर्ग्यावर नेतात. तिथं झाडाखाली बसलेली, घुमणारी माणसं मी लहानपणी पाहिली होती. त्यांच्यात माझं नाव? म्हणून नाही.

पण डबा घरात राहिला तर खरं नाही हे मला कळलं होतं. कोणाला देऊन टाकावा तर तो विचारेल, काऊन देतं? नाल्यात ओतावा तर ढोरं पाणी पितात. दसऱ्याच्या आधी एका दुपारी मी तो डबा बारदान्यात गुंडाळला, वावरात नेला आणि वरच्या धुऱ्यावरच्या पळसाखाली दोन हात खोल खड्डा करून पुरला. माती थापली, वरून पालापाचोळा टाकला. असली अक्कल आमच्यासारख्या शेतकऱ्यालाच सुचते. जे नको ते मातीत घालायचं, माती सगळं जिरवते म्हणायचं.

दोन दिवस मी हलका होतो. तिसऱ्या दिवशी कळलं की डबा गेला नाही, मोठा झाला. आधी तो एका कोनाड्यात होता, आता सगळ्या वावरात होता. पळस दिसला की मी पाठ फिरवायचो. त्या झाडाच्या बुडाशी काय आहे ते पंचक्रोशीत मला एकट्यालाच माहीत, आणि कुदळ माझ्याच घरात. मी वावरात जाणं सोडलं. आणि नेमकी तेव्हाच बोंडं फुटली.

सुभद्राने दही लावलं. मी म्हटलं, तिथी बरोबर नाही. चार दिवसांनी तिने पुन्हा लावलं. मी म्हटलं, गुडघे दुखतात. आमच्या घरचा रिवाज असा की सीतादहीचे खडे घरच्या कर्त्याने मांडायचे, त्याच्याशिवाय बाया बोंडाला हात लावत नाहीत. चोहीकडची वावरं वेचून झाली. माझं वावर पांढरंशुभ्र, कापूस लोंबून मातीला लागायला आलेला. बाया रस्त्याने जाता जाता म्हणायच्या, "काहो श्रीपतभाऊ, पराटीले मुहूर्त काढून राह्यले का लगनाचा?" दही आंबून फेकलं जायचं. तिसऱ्यांदा सुभद्राने गाडगं माझ्यासमोर आणून ठेवलं आणि म्हणाली, "मले खरं सांगा. वावरात काय हाय?"

मी तिच्यावर ओरडलो आणि घराबाहेर पडलो. पाय कासमच्या दुकानाकडे गेले. आजही मला वाटतं, त्या दिवशी पाय दुसरीकडेही गेले असते.

कासम गादीसाठी कापूस पिंजत होता. मशीन घरघरत होतं, दुकानभर तंतू उडत होते. मला पाहून म्हणाला, "काऊन बे, आज तं मंगळवार हाय. डबी न्यायले दोन दिवस हायेत."

"असाच आलो."

"तू जल्मात कोनाकडे असाच गेला नाही. बस."

मी बसलो. बाहीवरचे तंतू एकेक वेचून काढले. मग म्हटलं, "कासम, वावरात एक वस्तू पुरली मी."

"सोनं असन तं सांग. अर्धं माहं."

"फवाऱ्याचा डबा हाय."

तो हसायच्या बेतात होता, पण माझं तोंड पाहून त्याने मशीन बंद केलं. "काऊन पुरला?"

"घरात राह्यला असता तं मी पेलो असतो."

हवेतले तंतू हळूहळू खाली येत होते, त्याच्या दाढीवर, माझ्या टकलावर. तो तोबा म्हणाला नाही, छातीला धरलं नाही, बायकोपोरांची आठवण दिली नाही. त्याने फक्त विचारलं, "वयनीले माहीत हाय?"

"नाही."

"डाक्तरले?"

"नाही."

"मंग मले काऊन सांगतलं?"

मी म्हटलं, "माहं इंजेक्शन तुह्या फ्रिजात राह्यते म्हनून."

तो उठला. "कोनतं झाड?"

"पळस. वरच्या धुऱ्यावरचा."

"किती खोल?"

"दोन हात."

त्याने माझ्यासमोर कवडीचा ढीग ओढला. कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस. "मी येतो तवरिक यातलं चांगलं चांगलं निवड." आणि आत हाक मारली, "अजी सुनती हो, इथं दारात बसून भाजी तोडा. श्रीपत उठला तं मले नंतर सांगजा." भाभी मेथीची जुडी घेऊन दारात बसल्या. मी कवडी निवडत बसलो. बोटं चालली होती. कितीतरी दिवसांनी एक दुपार सरकत होती.

कासम आला तेव्हा सायकलला कुदळ बांधलेली होती, पायजमा गुडघ्यापर्यंत मातीने भरलेला. हातात काही नव्हतं.

"कुठी टाकला?" मी विचारलं.

"तुले काय करा लागते?" तो म्हणाला. "खड्डा उघडाच ठेवला हाय. तुले पाहता यावं म्हनून. आता डाक्तरले तू सांगतं का मी सांगू?"

त्या गुरुवारी आम्ही तिघं अकोल्याला गेलो. रेल्वेत कासमने सुभद्राला सगळं सांगितलं. मी खिडकीबाहेर पाहत होतो. ती म्हणाली, "मले वाटलं वावरात कोनी बाई हाय." कासम इतका हसला की समोरची माणसं पाहायला लागली, आणि मग तिने पदर तोंडाला लावला तो उतरेपर्यंत काढला नाही.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "बाबा, हे या औषधाचं काम आहे, तुमच्या स्वभावाचं नाही. सुई सुरू केली त्या दिवशी मी सांगितलं होतं." सांगितलं होतं खरं. मी ऐकलंही होतं आणि मनात म्हटलं होतं, होत असेल दुसऱ्यांना. त्यांनी सुईचा डोस कमी केला, शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं, तिथून मनासाठी एक गोळी मिळाली. सैलानीला कोणी नेलं नाही. ते दुसरे डॉक्टर म्हणाले, एकटे राहू नका, विशेषतः जी वेळ वाईट जाते ती वेळ.

सगळं लगेच फिटलं असं नाही. गोळी लागू पडायला कितीतरी आठवडे गेले आणि सुया तर उन्हाळ्यापर्यंत होत्या. पण दुपारचं जेवण झालं की मी कासमकडे जायचो आणि दिवस कलेपर्यंत कवडी निवडायचो. तो रोज एकच विचारायचा, मशीनवरून मान वर न करता.

"कितीक हाय आज?"

"दीड हात."

"काल दोन होते."

"हाव."

आमचं मापच ते झालं होतं. माझ्या आतल्या खड्ड्याचं. गिऱ्हाईकाला वाटायचं, गादीचं माप चाललं आहे. एखाद्या दिवशी मी म्हणायचो, तीन. मग तो मशीन बंद करून माझ्यासोबत घरापर्यंत चालत यायचा आणि सुभद्राला म्हणायचा, "वयनी, आज याच्याजवळच बसा."

अकोल्याहून आल्यावर चौथ्यांदा दही लागलं. निम्मा कापूस अवकाळीने मातीत गेला होता. मी धुऱ्यापर्यंत आलो आणि तिथंच थांबलो. सुभद्रा म्हणाली, "आधी ते पाहून घ्या." मी पळसाखाली गेलो. खड्डा होता, रिकामा, तळाशी चार पानं. मी गुडघ्यावर बसून आत हात घातला, खांद्यापर्यंत घातला, चाचपून पाहिलं. मग परत येऊन खडे मांडले. दहीभात वाहिला. बायांनी ओट्या बांधल्या आणि तासात शिरल्या.

उन्हाळ्यानंतर रक्त तपासलं, जंतू नव्हता. सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं, नव्हता. डॉक्टरने हात मिळवला. राजा नंतर बरीच वर्षं जगला, पण मी कासरा उचलला की त्याची कातडी थरथरायची. त्याची माफी कशी मागायची ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. मी फक्त त्याला आधी पाणी पाजायचो आणि मग मी प्यायचो.

बीटीचंही पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. गुलाबी अळी आली, फवारे पुन्हा सुरू झाले. डबे आता घरोघरी आहेत. माझ्या घरी नाहीत. लागेल तेव्हा कासमचा मुलगा आणतो, मारतो आणि उरलेला घेऊन जातो. गावाला वाटतं, म्हातारा हट्टी आहे.

आज सकाळी सीतादही होती. पावसाने तो खड्डा दरवर्षी बुजतो आणि दरवर्षी दही लागलं की मी कुदळ घेऊन तो उकरतो, दोन हात. लोक विचारतात, काय शोधता? मी सांगत नाही. कासमला आता नीट दिसत नाही. तो काठी टेकत आला आणि पळसाखाली दगडावर बसला. मी उकरत होतो, दम लागत होता.

"डबा कुठी टाकला होता बे?" मी विचारलं. दरवर्षी विचारतो.

"तुले काय करा लागते?" तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "कितीक हाय औंदा?"

मी आत हात घातला. थंड माती होती, दुसरं काही नव्हतं. "वीतभर."

"तेवढी मलेही हाय," कासम म्हणाला. "राहू दे."

पराटीतून सुभद्राची हाक आली की दही आंबट होऊन राह्यलं. मी हाताची माती झटकली आणि खड्डा उघडाच ठेवून तासात शिरलो.